करडा देवमासा जवळून पाहायचा असेल तर: वऱ्हाडातून निघणाऱ्यांसाठी प्रवासाची आखणी

आमच्या वरूड तालुक्यातून सर्वांत जवळचा समुद्र गाठायलाही आगगाडीची एक अख्खी रात्र लागते. त्यामुळे पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन करडा देवमासा पाहण्याचा बेत मी घरी बोलून दाखवला, तेव्हा पहिला प्रश्न पैशांचा निघाला नाही, तर ‘फेब्रुवारीत हरभरा कोण काढीन?’ हा निघाला. प्रश्न रास्त होता, कारण हे देवमासे होडीतून जवळून दिसण्याचा काळ आणि आपल्याकडील रब्बीच्या काढणीचा काळ नेमका एकच आहे. मी हा प्रवास दोनदा केला. पहिल्या खेपेस चुकीच्या ठिकाणी, चुकीच्या बोटीत बसलो. दुसऱ्या खेपेस योग्य जागी पोहोचलो. त्या दोन्ही अनुभवांतून आखणीची जी रीत हाती आली, ती खेड्यातून निघणाऱ्या, इंग्रजी जेमतेम बोलणाऱ्या आणि समुद्राची सवय नसलेल्या माणसासाठी येथे सविस्तर लिहीत आहे.

आधी प्राणी आणि जागा

करडा देवमासा, म्हणजे इंग्रजीत ज्याला ग्रे व्हेल म्हणतात तो, पूर्ण वाढला की 13 ते 15 मीटर लांब भरतो. आपली एसटी त्याच्यापुढे आखूड पडावी. वजन सुमारे 30 ते 40 टन असते. त्याच्या पाठीवर उभा पर नसतो. त्याऐवजी शेपटीकडे जाताना कण्यावर उंचवट्यांची एक ओळ दिसते आणि लांबून ओळखण्याची ती चांगली खूण आहे. उन्हाळ्यात हे देवमासे उत्तरेच्या बेरिंग आणि चुकची समुद्रांत राहतात, तळाच्या गाळातून बारीक कवचधारी जीव गाळून खातात आणि अंगावर चरबीचा थर चढवून घेतात. हिवाळा लागला की अमेरिका खंडाच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे निघून ते मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पातील उथळ, उबदार खाड्यांत येतात. येथेच माद्या वितात आणि येथेच नर-माद्यांच्या जोड्या जुळतात. जाऊन-येऊन हा प्रवास 16 ते 20 हजार किलोमीटरांचा होतो, आणि तेवढा सारा काळ देवमासा जवळजवळ उपाशीच असतो, उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर जगतो. पोटाशी दूध पिणारे पिल्लू असलेली मादीसुद्धा याला अपवाद नाही. होडीत बसण्यापूर्वी हे ठाऊक असावे, कारण आपल्या होडीमुळे तिला एखादी जादा धाव घ्यावी लागली तर तिची शिदोरी तेवढी कमी होते.

या खाड्या मुख्यतः तीन आहेत. सर्वांत उत्तरेची ओहो दे लिएब्रे; शब्दशः अर्थ ‘सशाचा डोळा’. तिच्याजवळचे गाव गेरेरो नेग्रो, जेथे मिठागरे क्षितिजापर्यंत पसरलेली आहेत. तेथून सुमारे दीडशे किलोमीटरवर सान इग्नासियो हे गाव आणि त्याच्या पश्चिमेला त्याच नावाची खाडी. तिसरी दक्षिणेकडील माग्दालेना, जिच्या काठी पुएर्तो सान कार्लोस आणि लोपेस मातेओस ही मासेमारांची गावे आहेत. पहिल्या दोन खाड्या 1988 साली मेक्सिकोने एल विस्काईनो संरक्षित जीवावरण क्षेत्रात घेतल्या आणि 1993 साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. प्रवासाच्या सोयीने पाहिले तर माग्दालेना विमानतळांना जवळ पडते. देवमाशांच्या सलगीचा विचार केला तर माझी पसंती निःसंशय सान इग्नासियोला आहे.

‘जवळून’ म्हणजे किती जवळून

पहिल्या खेपेस मी येथेच फसलो. मुलगी कॅलिफोर्नियात नोकरीला असल्याने तिकडे जायचेच होते. नागपुरातील एका प्रवास मध्यस्थाने ‘देवमासा अगदी जवळून’ असे सांगून सान दिएगोच्या किनाऱ्यावरील मोठ्या बोटीची तिकिटे काढून दिली. बोट उत्तम होती, आत बसायला खुर्च्या होत्या, चहा-कॉफी होती. पण चार तासांत आम्हांला दिसली ती लांबवर उडालेली दोन कारंजी आणि एकदा पाण्याबाहेर आलेली शेपटी. यात बोटवाल्यांचा काही दोष नव्हता. अमेरिकेच्या पाण्यात देवमाशापासून सुमारे 90 मीटर अंतर राखावे अशी तेथील शासकीय मार्गदर्शक सूचना आहे, 1972च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानुसार त्याला त्रास देण्यास बंदी आहे, आणि तेथे देवमासा मुक्कामाला नसून वाटेने चाललेला असतो. वाटसरू थांबून आपल्याशी बोलत बसत नाही. दोष होता तो ‘जवळून’ हा शब्द सैल वापरणाऱ्या मध्यस्थाचा आणि नकाशा उघडून न पाहणाऱ्या माझा.

बाहाच्या खाड्यांतील गोष्ट वेगळी आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय बेत आखू नये. 1857 साली चार्ल्स स्कॅमन नावाच्या अमेरिकी कप्तानाने ओहो दे लिएब्रेचे तोंड शोधले आणि पुढची काही वर्षे शिकारी जहाजांनी या खाड्यांत येऊन पिल्लांसह माद्या मारल्या. पिल्लू वाचवण्यासाठी माद्या होड्यांवर चाल करून येत, होड्या फोडत, म्हणून शिकाऱ्यांनी या जातीला ‘सैतान मासा’ असे नाव ठेवले होते. विसाव्या शतकाच्या मध्यावर या जातीला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळाले आणि संख्या हळूहळू सावरली; तरी स्थानिक मासेमार या देवमाशांपासून दूरच राहत. मग 1972 साली सान इग्नासियोच्या खाडीत फ्रान्सिस्को मायोराल या मासेमाराच्या छोट्या होडीला एक देवमासा येऊन लगटला, बाजूला होईना, आणि अखेर मायोराल यांनी हात पुढे करून त्याला स्पर्श केला. तेव्हापासून या खाडीत काही माद्या आपली पिल्ले घेऊन स्वतःहून होड्यांजवळ येतात. त्या का येतात याचे खात्रीचे उत्तर कोणाजवळ नाही. मात्र येणे किंवा न येणे हे सर्वस्वी त्यांच्या मर्जीवर असते.

आखणीचा पहिला निकष म्हणून हेच धरावे: जेथे होडी थांबते आणि देवमासा येतो, ती जागा आणि तो नावाडी निवडावा, जेथे होडी धावते आणि देवमासा पळतो, तेथे पैसे देऊ नयेत. आपल्या विदर्भातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. ताडोब्यात गाडी बंद करून, श्वास रोखून पाणवठ्यावर थांबणारा वाटाड्या आणि ‘साइटिंग’च्या मागे धूळ उडवत पळणारा चालक यांतील फरक ज्याला कळतो, त्याला समुद्रावरील चांगला नावाडीही ओळखता येईल.

म्हणून फेरी ठरवताना दूरध्वनीवर किंवा पत्राने जे प्रश्न विचारावेत, त्यांत सर्वांत महत्त्वाचा हा, की देवमासा दिसल्यावर तुमची होडी काय करते. ‘आम्ही इंजिन मंद करून थांबतो, तो आला तर आला’ असे उत्तर आले तर पुढे बोलावे. ‘स्पर्शाची शंभर टक्के हमी’ असे उत्तर आले तर फोन ठेवून द्यावा. परवाना आहे का, हेही विचारावे. सान इग्नासियोत पाहणीसाठी खाडीचा ठरावीक भागच खुला आहे, त्या भागात एका वेळी 16 होड्यांनाच प्रवेश मिळतो आणि प्रत्येक होडीला 90 मिनिटांची मर्यादा असते. या मर्यादेमुळे कोणाला हळहळ वाटेल, पण गर्दी नसल्यानेच माद्या निर्धास्त राहतात. दिवसातून किती फेऱ्या, एका होडीत किती माणसे, वाऱ्यामुळे फेरी रद्द झाल्यास पैसे परत की दुसऱ्या दिवशी संधी, जेवणात मांस-मासे टाळता येतील का, हे सारे आधी लेखी मागून घ्यावे.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. 2016च्या सुमारास या देवमाशांची संख्या सुमारे 27,000 होती. 2019पासून किनाऱ्यावर मृत देवमासे मोठ्या संख्येने सापडू लागले आणि 2025च्या मोजणीत ती सुमारे 13,000वर आल्याचे दिसले. उत्तरेतील बर्फ आणि समुद्रतळ बदलत चालल्याने खाद्य अपुरे पडते, हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते. पिल्लेही अलीकडे कमी जन्मत आहेत. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या चित्रफिती पाहून तशीच गर्दी दिसेल अशी अपेक्षा बांधू नये आणि एकाच फेरीवर सारा प्रवास लावू नये. निदान तीन दिवसांत चार-पाच फेऱ्या मिळतील असा मुक्काम ठेवावा.

हरभरा, संत्रा आणि देवमासा

देवमासे पाहण्याचा हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो. डिसेंबर-जानेवारीत माद्या नुकत्याच व्यालेल्या किंवा विण्याच्या बेतात असतात आणि खाडीच्या आतल्या, शांत भागात राहतात. जन्मतः पिल्लू सुमारे साडेचार मीटरचे असते आणि त्याला श्वासासाठी वर येण्याचा सराव व्हायचा असतो. आई त्याला कोणाजवळ येऊ देत नाही. फेब्रुवारीच्या मध्यापासून पिल्ले अंगाने भरतात, त्यांचे कुतूहल वाढते आणि माद्याही सैलावतात. नर आणि एकट्या माद्या आधी उत्तरेकडे परततात. पिल्लांसह माद्या सर्वांत शेवटी, मार्च-एप्रिलपर्यंत थांबतात. जवळून भेट व्हावी असे वाटत असेल तर मध्य फेब्रुवारी ते मध्य मार्च हाच काळ धरावा.

आता शेतीकडे पाहू. ऑक्टोबरच्या अखेरीस पेरलेला हरभरा फेब्रुवारीच्या मध्यापासून काढणीला येतो, कपाशीची शेवटची वेचणी तोवर आटोपलेली असते, तूर घरात आलेली असते. ओलिताचा गहू मात्र मार्चमध्ये येतो. संत्र्याचा मृग बहार असेल तर फेब्रुवारी-मार्च हीच तोडणीची वेळ. माझ्या अनुभवाने कोरडवाहू हरभरेवाल्याने मार्चचा पहिला पंधरवडा निवडावा, म्हणजे हरभरा पोत्यांत भरून निघता येते. मृग बहाराची बाग असेल तर ती व्यापाऱ्याला आधीच उक्ती देऊन टाकावी आणि तोडणीवर लक्ष ठेवायला घरचे माणूस मागे असावे. गहू असेल तर हार्वेस्टरवाल्याशी बोलणे जानेवारीतच करून ठेवावे. मी त्या वर्षी ओलिताच्या तुकड्यात गहू घेतलाच नाही. आखणी एक वर्ष आधी सुरू झाली पाहिजे असे मी म्हणतो ते याचसाठी. पेरणीच्या वेळीच मार्चचा विचार झालेला असावा.

कागदपत्रे

पासपोर्ट नसेल तर त्याच्यापासून सुरुवात करावी. विदर्भासाठी प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. आपल्या भागात अडते ते नावापाशी: शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत हा घोळ अधिक असतो. अर्ज करण्यापूर्वी आधार, पॅन आणि दाखला यांवरील नाव व जन्मतारीख अक्षरशः एक करून घ्यावी. या एका कामात माझ्या पत्नीचे तीन महिने गेले.

भारतीय नागरिकाला मेक्सिकोत जाण्यासाठी व्हिसा लागतो. मात्र ज्याच्याजवळ अमेरिकेचा वैध व्हिसा आहे, त्याला पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा घ्यावा लागत नाही. निघण्यापूर्वी मेक्सिकोच्या दिल्लीतील दूतावासाच्या संकेतस्थळावर हा नियम पुन्हा एकदा पाहून घ्यावा. ज्यांचे मूल किंवा नातलग अमेरिकेत आहे, त्यांना अमेरिकेचा पर्यटक व्हिसा घेऊन तेथून मेक्सिकोत जाणे सोयीचे पडते. ज्यांचे कोणी नाही, त्यांनी थेट मेक्सिकोचा व्हिसा काढून अमेरिकेत न उतरता जाणारे विमान शोधावे, कारण अमेरिकेत नुसते विमान बदलायचे असले तरी तेथील व्हिसा लागतो. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी महाराष्ट्रातील अर्जदारांना साधारणपणे मुंबईला जावे लागते आणि तारीख मिळायला कधीकधी अनेक महिने लागतात.

शेतकऱ्याची मोठी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची असते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने अनेकांनी विवरणपत्र कधी भरलेलेच नसते. अशांनी सातबारा, आठ-अ, बाजार समितीच्या काटापट्ट्या, कापूस विक्रीच्या पावत्या आणि किमान वर्षभराचे बँकेचे उतारे एका फाइलमध्ये लावावेत व मुख्य कागदांचे इंग्रजी भाषांतर करून ठेवावे. व्यवहार रोखीने करण्याची सवय असेल तर निदान एक हंगाम आधीपासून विक्रीचे पैसे बँकेत घ्यावेत. मुलाखतीत अधिकारी अनेकदा कागद न पाहता प्रश्नच विचारतो: कोठे जाणार, किती दिवस, खर्च कोण करणार, परत का येणार. मराठीतून बोलण्याची सोय मागता येते. उत्तर खरे आणि थोडक्यात द्यावे. ‘देवमासे पाहायला’ असे सांगायला संकोचू नये. माझ्या मुलाखतीत याच वाक्यावर अधिकाऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले आणि पुढचे दोन प्रश्न देवमाशांबद्दलच विचारले.

प्रवासाचा विमा टाळू नये. खाडीपासून मोठे रुग्णालय काही तासांच्या वाटेवर आहे. रक्तदाब-मधुमेहाची औषधे पूर्ण प्रवासाला पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत ठेवावीत.

वाट

नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठून पुढे निघावे लागते. आम्ही मुलीकडे आठ दिवस राहून सान दिएगोला गेलो. तेथे अमेरिकेच्या बाजूने एक इमारत आहे, तिच्यातून पादचारी पूल ओलांडला की माणूस थेट मेक्सिकोतील तिहुआना विमानतळावर उतरतो. हा पूल 2015 साली सुरू झाला असून तो फक्त विमानप्रवाशांसाठी आहे, त्याचे तिकीट वेगळे असते आणि विमानाचे तिकीट दाखवावे लागते. तिहुआनाहून विमानाने द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडील ला पासला जाता येते. रस्त्याने जायचे तर 1973 साली पूर्ण झालेला महामार्ग क्रमांक 1 हा एकच मुख्य मार्ग आहे आणि तिहुआना ते गेरेरो नेग्रो हे अंतरच सुमारे 700 किलोमीटर भरते. लांब पल्ल्याच्या बसगाड्या याच मार्गाने धावतात. स्वतः गाडी चालवण्याचा मोह धरू नये: मधल्या वाळवंटी पट्ट्यात पेट्रोल पंप फार अंतराने आहेत आणि अंधार पडल्यावर मोकाट गुरे रस्त्यावर येऊन बसतात.

गेरेरो नेग्रोजवळ राज्याची हद्द बदलते आणि फेब्रुवारीत उत्तरेकडून येणाऱ्याला घड्याळ एक तास पुढे करावे लागते. हे विसरल्यास सकाळची होडी चुकते. दक्षिणेकडील राज्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागची वेळ चालते. म्हणजे तेथे सकाळी साडेसात वाजता होडी निघाली की गावाकडे रात्रीचे आठ झालेले असतात, आणि घरी फोन करायचा तर तीच वेळ बरी.

सान इग्नासियो हे गाव पाहून आपल्या माणसाला जरा बरे वाटते. चहूकडे काटेरी निवडुंगांचे रान आणि मधोमध पाण्याच्या काठी खजुरांची दाट राई, मध्ये जुने दगडी चर्च, त्याच्यापुढे झाडांच्या सावलीतला चौक. येथून खाडी आणखी साठेक किलोमीटर आहे आणि शेवटचा टप्पा कच्च्या रस्त्याचा आहे. खाडीच्या काठावर तंबूंचे आणि लाकडी खोल्यांचे मुक्काम असतात. ते चालवणारी बरीच कुटुंबे एरवी मासेमारी करतात. रोख पेसो बरोबर ठेवावेत, कारण काठावर कार्ड चालेलच असे नाही.

जेवणाची चिंता बहुतेकांना असते. मक्याच्या तोर्तिया आपल्या भाकरीच्या नात्यातल्याच आहेत आणि घोटलेला राजमा सगळीकडे मिळतो. मात्र त्यात पुष्कळदा डुकराची चरबी घालतात, म्हणून ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीशिवाय, हे शब्द पाठ करून ठेवावेत. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’ म्हणजे मांस नको, मासे नकोत. जवसाची चटणी आणि चिवडा जवळ असला की अडत नाही, पण विमानतळावर खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. फळे आणि बियाणे अजिबात नेऊ नयेत. आपली संत्री कितीही गोड असली तरी ती सीमेवर फेकली जातात.

ज्याने आयुष्यात समुद्रावर पाऊल ठेवलेले नाही, त्याने परदेशी जाण्यापूर्वी एकदा कोकणात, मालवण-तारकर्लीला किंवा दापोलीकडे, तासाभराची होडीची फेरी करून पाहावी. मळमळते का, उन्हात डोके दुखते का, हलत्या होडीत चढता-उतरता येते का, हे तेथेच कळते. मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी ठरवावी आणि ती होडीत बसल्यावर नव्हे, तर आधी घ्यावी.

होडीत

तेथील होडीला पांगा म्हणतात. ती उघडी, सुमारे सात मीटर लांबीची, मागे एक इंजिन असलेली असते. देवमासा तिच्या दुप्पट असतो हे लक्षात ठेवले की नावाड्याचे प्रत्येक सांगणे आपोआप ऐकले जाते. तिच्यात शौचालय नसते, म्हणून सकाळचा चहा अर्धा कप पुरे. पहाटे बोचरी थंडी असते, दुपारनंतर वारा सुटतो आणि तुषारांनी अंग भिजते. आत लोकरीचे, वर पाणी न शिरणारे जाकीट, कानटोपी आणि पायांत भिजले तरी चालतील अशा चपला असाव्यात. साडी किंवा लुगडे नेसून पांग्यात चढणे धोक्याचे आहे; माझ्या पत्नीने मुलीची पँट घातली. अंगठी सैल असेल तर काढून ठेवावी, मोबाइल गळ्यातील दोरीला बांधावा. जीवरक्षक जाकीट किनाऱ्यावरच घालून त्याचे पट्टे आवळून घ्यावेत.

पाहणीच्या भागात पोहोचल्यावर नावाडी इंजिन मंद करतो आणि मग वाट पाहणे सुरू होते. पहिल्या दोन फेऱ्यांत आमच्याजवळ कोणी आले नाही. तिसऱ्या फेरीत होडीपासून वीसेक हातांवर पाणी फुगले आणि मुख्य नळीचा व्हॉल्व्ह एकदम उघडल्यावर हवा आणि पाणी सोबत फुटावे तसा आवाज झाला. तोंडावर तुषार आले, त्यांना उग्र, मासळीचा वास होता. आई होडीखालून गेली. तळाशी हिरव्या पाण्यात करडी सावली संपता संपेना. मग पिल्लू वर आले. त्याचे नाक होडीच्या काठाला लागले तेव्हा दिसले, की जबड्यावर बारीक खड्डे आहेत आणि प्रत्येक खड्ड्यात एकेक राठ केस उभा आहे. कातडी ओल्या भरताच्या वांग्यासारखी गुळगुळीत आणि दाबली तर किंचित आत जाणारी. आईच्या डोक्यावर मात्र पांढऱ्या शिंपल्यांसारख्या जिवांचे खडबडीत पुंजके होते, जुन्या विहिरीच्या दगडांवर चुना बसावा तसे. पिल्लू कुशीवर वळले, लहान संत्र्याएवढा डोळा पाण्याच्या काठाशी आला, आणि पत्नी माझी बाही ओढत म्हणाली, “अवो, पाहा न, आपल्याकडंच पाहून राह्यलं ते!”

अशा वेळी सारे जण एका बाजूला धावतात आणि होडी कलते. हे कदापि होऊ देऊ नये. नावाडी आळीपाळीने बाजू देतो, थांबावे. हात पाण्याजवळ नेऊन हलकेच पाणी हलवायला हरकत नाही. देवमासा स्वतः काठाला आला आणि नावाड्याने मान हलवली तरच स्पर्श करावा, तोही तळव्याने, तोंडाच्या बाजूवर. डोळा आणि डोक्यावरील श्वासाचे छिद्र यांना बोट लागता कामा नये, शेपटीच्या आवाक्यात हात नेऊ नये, खायला काही टाकू नये आणि आई व पिल्लू यांच्यामध्ये होडी घालण्याचा आग्रह नावाड्याला कधीही करू नये. हाताला मलम किंवा तेल लावलेले असेल तर निघण्यापूर्वी धुऊन टाकावे. फोटोसाठी निम्मा वेळ घालवला की निम्माच देवमासा पाहून होतो, म्हणून एका फेरीत फोटो आणि दुसऱ्या फेरीत कॅमेरा पिशवीत, अशी वाटणी आधीच करून ठेवावी.

देवमासा आला नाही तर नावाड्यावर दबाव आणू नये. ज्या होडीतील माणसे ‘जरा पुढे घ्या’ म्हणून रेटा लावतात, त्या होडीमुळे बाकीच्यांचेही नुकसान होते. वाऱ्याने एखादा दिवस पूर्ण वाया जाऊ शकतो, म्हणून परतीचे विमान शेवटच्या फेरीच्या दुसऱ्याच दिवशी ठेवू नये. मध्ये एक मोकळा दिवस असावा. अमेरिकेत परतणार असाल तर व्हिसावर अनेक प्रवेशांची मुभा आहे का, हे मुंबईहून निघण्यापूर्वीच पाहावे, सीमेवर नव्हे.

नव्वद मिनिटे भरली की नावाडी हात वर करतो आणि देवमासा शेजारी असला तरी होडी हळूहळू मागे निघते. किनाऱ्यावर उतरल्यावर आधी चष्मा आणि कॅमेऱ्याची काच गोड्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपून घ्यावी. मीठ वाळल्यावर पुसले तर काचेवर ओरखडे पडतात, आणि दुपारच्या फेरीत त्यांतूनच पाहावे लागते.